हिशेब सोडलेली माणसे

वेलचेरी हे मुळात पाण्याचे ठिकाण. चेन्नईच्या दक्षिण अंगाला एकीकडे तलाव, दुसरीकडे पळ्ळिकरणैची दलदल. पावसाचे पाणी या वाटेने मुरत, पसरत समुद्राकडे जायचे. पुढे त्या वाटेवर प्लॉट पडले, इमारती उठल्या, मॉल आला, लोकल रेल्वेचे स्टेशन आले आणि आयटी कंपन्यांत नोकरीला आलेली आमच्यासारखी बाहेरगावची कुटुंबे इथे रुजली. 2022 मध्ये पळ्ळिकरणैचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, तोवर मूळ दलदलीचा फार थोडा भाग उरला होता. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस आवरते घेतो. इथे त्याच सुमाराला ईशान्य मोसमी पावसाला जोर चढतो आणि 2015 च्या डिसेंबरपासून आकाश भरून आले की वेलचेरीतली माणसे आधी गाडी उंचावर नेऊन लावतात.

त्या डिसेंबरात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या घेऊन शहरात आले. ज्या रस्त्यांवरून एरवी बस जाते तिथून त्यांनी म्हातारीकोतारी, बाळंतिणी, आजारी माणसे बाहेर काढली. शहरातली मंदिरे, मशिदी, चर्च आणि लग्नाचे हॉल उघडले गेले. मग पाणी ओसरले आणि कुंपणे पुन्हा होती तिथे उभी राहिली. संकटात माणूस चार दिवस स्वतःला विसरतो, हे जगभर दिसते. पाणी ओसरल्यावरही माणूस तसाच राहू शकतो का, हा खरा प्रश्न. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की राहू शकतो. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे हा दावा माझ्या कानावर लहानपणापासून आहे. तो कितपत खरा ठरला, हे मराठी माणसांशी नाते असलेल्या काही आयुष्यांवरून इथे पाहायचे आहे.

वेलचेरीपासून थोड्याच अंतरावर परंगिमलै ही टेकडी आहे. ख्रिस्ताचा शिष्य थोमा इथेच इसवी सन 72 मध्ये मारला गेला, अशी परंपरा सांगते. तिचा ऐतिहासिक पुरावा तपासणे हे माझे काम नव्हे. मला त्याहून जवळचा वाटतो तो तंजावरचा श्वार्ट्झ, कारण त्याच्या गोष्टीत एक मराठी राजा आहे.

क्रिस्टियन फ्रेडरिख श्वार्ट्झ हा प्रशियातला. 1750 मध्ये तो तरंगंबाडीला उतरला आणि 1798 मध्ये तंजावरला वारला. मधल्या काळात तो एकदाही मायदेशी गेला नाही, त्याने लग्न केले नाही, संपत्ती जोडली नाही. हैदर अलीशी बोलणी करायला मद्रास सरकारने 1779 मध्ये पाठवला तो हाच पाद्री. हैदरने वाटखर्चाला दिलेली थैली त्याने परत येऊन सरकारपुढे ठेवली आणि शेवटी ती रक्कम अनाथ मुलांच्या शाळेकडे वळवली. पुढे लढाई पेटली, तंजावरच्या किल्ल्यात अन्नाचा तुटवडा झाला. आसपासच्या रयतेकडे धान्य होते, बैल होते, पण ती द्यायला तयार नव्हती. राजाच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी पूर्वी तिचा माल नेऊन पैसे बुडवले होते. श्वार्ट्झने स्वतः शब्द दिला की दाम मिळेल, आणि धान्याने लादलेले बैल किल्ल्याकडे चालू लागले. निःस्वार्थीपणाचा अर्थ मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याच्या शब्दावर भुकेली आणि फसवली गेलेली माणसेही विश्वास टाकतात. या ताकदीला आज आपण फार कमी किंमत देतो.

1787 मध्ये तंजावरच्या तुळजाराजाने मृत्युशय्येवरून दहा वर्षांच्या दत्तक मुलाची, सरफोजीची, काळजी घ्यायला याच श्वार्ट्झला सांगितले. सरफोजीच्या जिवाला आणि हक्काला धोका दिसला तेव्हा श्वार्ट्झने त्याला मद्रासला हलवले, तिथे त्याच्या शिक्षणाची सोय लावली. सरफोजी पुढे गादीवर आला आणि आयुष्यभर हिंदूच राहिला. गुरूने शिष्यावर धर्माचे कर्ज चढवले नव्हते. जॉन फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प सरफोजीने तंजावरच्या चर्चमध्ये बसवले, ते आजही तिथे आहे. मरणाऱ्या पाद्र्याच्या बिछान्याशी एक मराठी राजा उभा आहे, त्याचा हात हातात घेऊन.

पण याच श्वार्ट्झच्या मंडळीत जातीप्रमाणे वेगळे बसणे चालत असे आणि त्याने ते चालू दिले. 1833 मध्ये बिशप डॅनिएल विल्सनने चर्चमधले जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरच्या वेळ्ळाळ जातीच्या ख्रिस्ती कुटुंबांनी कडाडून विरोध केला. विरोधकांत वेदनायगम शास्त्रियार हे श्वार्ट्झचे स्वतःचे शिष्य आणि थोर तमिळ कवी होते. तिरुच्चीच्या एका कॅथलिक स्मशानात दलितांच्या थडग्यांना वेगळे पाडणारी भिंत तर आपल्या काळापर्यंत टिकली. बाप्तिस्मा झाला, नावे बदलली, पण सवर्णपणाचा स्वार्थ जागचा हलला नाही. हे आमच्या घरचे दुखणे आहे आणि ते मोठ्याने बोलले पाहिजे. पैसा सोडणे त्या मानाने सोपे असते. जन्माने मिळालेली उंची सोडताना भल्याभल्यांचा हात थरथरतो.

ती सोडताना एक मराठी बाई नेमकी कशी दिसली, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल वेगळी होती. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, आणि तेव्हापासून त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मधला, हा बदल त्याच्याही आधीचा. धर्मांतराच्या नोंदवहीत अशा दिवसाची तारीख पडत नाही, तरी माझ्या लेखी खरा पालट तिथे झाला.

लक्ष्मीबाईंनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, तीही भक्तीच्या ओघात विसरू नये. टिळकांचा हात उदार. घरात आलेला पैसा दारात आलेल्या माणसाच्या हाती जायचा आणि उद्याच्या चुलीची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची. पुरुषाच्या त्यागाचे बिल अनेकदा बायकोच्या नावावर फाटते. लक्ष्मीबाई हे प्रेमाने सांगतात, हसत सांगतात, पण सांगतात. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली, ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ मांडला. 1919 मध्ये ते गेले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या घरातल्या निःस्वार्थीपणाची पावती मी आधी त्यांच्या नावे फाडीन.

आपल्या काळातले नाव घ्यायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते म्हणून वाचक त्यांना ओळखतात. वसईकर त्यांना ओळखतात ते हरित वसईच्या लढ्यासाठी. वसईच्या बागायती, विहिरी आणि पाणथळ जमिनी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, जमिनीच्या व्यवहारात गुंडांची दहशत बसली, तेव्हा हा धर्मगुरू सर्व धर्मांच्या गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरला. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. पाण्याची जागा खाणे हे पाप आहे, असे वेदीवरून सांगणारा माणूस वेलचेरीला वेळेवर लाभला असता, तर इथल्या चर्चांमधून पुराची मदत वाटण्याआधी दुसरे काही बोलले गेले असते. आमच्या प्रवचनांतून राग, मद्य, व्यभिचार यांवर पुष्कळ ऐकायला मिळते. बुजवलेल्या ओढ्यावरच्या सदनिकेबद्दल मी अजून एकही प्रवचन ऐकलेले नाही. सगळ्यांनी मिळून केलेला स्वार्थ कोणाच्याच पापकबुलीत येत नाही.

या सगळ्यांत पंडिता रमाबाईंचा प्रवास मला सर्वांत खोल वाटतो, कारण त्यांनी स्वार्थाची अगदी आतली गाठ उकलली. तो सुरू होतो याच मुलखात, जुन्या मद्रास इलाख्यात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थांमागून तीर्थे हिंडत होते. जवळचा पैसा, दागिने देवदर्शनात आणि ब्राह्मणांच्या दानात संपले, कारण पुण्य साठले की देव पावेल ही खात्री. मग दुष्काळ आला. तिरुपतीच्या डोंगरावर, रानात त्यांनी पाला खाऊन दिवस काढले. अंगमेहनतीचे काम करणे आणि भीक मागणे, दोन्ही विद्वान ब्राह्मण घराला कमीपणाचे वाटत होते. 1874 मध्ये वडील गेले. उरलेली माणसे पायी रायचूरपर्यंत आली. आई तापाने फणफणलेली, रमा सोळा वर्षांची. ती शेजारच्या दारात भाकरीच्या तुकड्यासाठी जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखून भाकरी दिली. त्यानंतर काही दिवसांतच आई गेली. रमाबाईंनी उतारवयात हे लिहिले, तेव्हा घराण्याचा खोटा अभिमान असे त्याला स्पष्ट नाव दिले.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला चालवलेला आश्रम दाखवला. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. अशा बायकांची कोणी अशी काळजी घेते, हे त्यांनी तोवर कधी पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी विचारल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्या स्वतः सांगतात की त्यांना तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला 1891 उजाडले. तारण कमवायचे नसते, ते फुकट दिलेले असते, हे त्यांना त्या वर्षी उमगले. ज्या मुलीने आईबापांना पुण्याच्या साठ्यापायी उपाशी मरताना पाहिले, तिला या एका गोष्टीचा केवढा सुटकारा वाटला असेल!

माझे म्हणणे इथेच आहे. सर्वांत चिवट स्वार्थ धर्माच्याच आत राहतो. माझे पुण्य, माझा मोक्ष, माझा स्वर्ग. सेवा केली की वर खात्यात जमा, असा हिशेब असेल तर समोरचा भुकेला माणूस आपल्या कमाईचे साधन ठरतो. ख्रिस्ती माणसेही हा हिशेब सर्रास ठेवतात. कृपेवर खरोखर विश्वास बसला तर तो ठेवायचे कारण उरत नाही, कारण मिळायचे ते आधीच मिळालेले असते. मग हात मोकळे होतात.

रमाबाईंचे झाले. 1889 मध्ये सुरू केलेल्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेवर 1893 मध्ये धर्मांतराचे वादळ आले, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात सदनातल्या मुलींचे आईबाप घाबरले हे समजण्यासारखे होते. आश्रय आणि धर्म एकाच हातून आला तर घेणाऱ्याचे स्वातंत्र्य अडचणीत येते, ही टीका मी झटकून टाकणार नाही. मात्र 1897 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या. भुकेने खंगलेल्या, वाटेत दलालांच्या हाती सापडू शकणाऱ्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध, जागा नाही, म्हणून माळावर राहुट्या ठोकल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग आणि तेलाचा घाणा चालवला, छापखाना घातला. फसलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. रमाबाईंच्या मुलीने, मनोरमेने, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले. रायचूरच्या दारात मुकी उभी राहिलेली मुलगी आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी जगाकडे उघड मागत होती, आणि त्या मागण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता.

1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाई बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या.

चेन्नईहून पुण्याला येणारी गाडी आजही रेणिगुंट्यावरून, रायचूरवरून, दौंडवरून येते, म्हणजे बरीचशी रमाबाईंच्याच पायवाटेने. दौंडला उतरून पुण्याकडची पॅसेंजर धरली की केडगाव येते. मुक्ती मिशन तिथे अजून चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुले तिथे अजून राहतात. यंदाच्या सुट्टीत जमले तर तिथे जाऊन या. जाण्याआधी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा.