हावभाव, वाणी आणि प्रशिक्षकाचा व्यवसाय

देहबोली व संभाषणकौशल्य शिकवून उपजीविका करणारे प्रशिक्षक शहरांतून पुष्कळ झाले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकास ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात, आणि तेथील नटांचा चरितार्थ हिच्यावरच चालतो. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार मानले आहेत. पैकी आहार्य म्हणजे वेशभूषा. वेशही बोलतो, याचा दाखला हेमलकशाचा आहे.

हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. (गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यापूर्वी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता.) डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले, तेव्हा माडिया लोक परक्यांस भिऊन दूर राहत. दोघांनी माडिया भाषा आत्मसात केली. डॉ. प्रकाश यांनी अंगभर कपडे टाकून बनियन व अर्धी विजार पत्करली. हळूहळू रोगी येऊ लागले. १९७६ साली शाळाही निघाली. नुसत्या औषधांनी हे घडले नसते.

माडिया व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा होत. पहिलीतील अशा मुलाजवळ घरून आणलेली मराठी नसते. गुरुजींचा शब्द उमगण्याआधी त्यास त्यांचा चेहरा उमगतो. मान खाली घालून गप्प उभे राहिलेले मूल मंदबुद्धी ठरविले जाते, आणि तो शिक्का बसला की शाळा सुटण्यास वेळ लागत नाही. म्हणून आज्ञा देताना कृती करून दाखवावी, प्रश्नानंतर काही क्षण थांबावे, मुलाच्या शेजारी खाली बसावे आणि त्याच्या भाषेतील दहा-वीस शब्द तरी त्याच्याकडूनच शिकावेत.

संवादात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के, असे काही प्रशिक्षक बेधडक सांगतात. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या ज्या प्रयोगांवरून तो आकडा निघाला, ते भावना ओळखण्यापुरते होते. हातवाऱ्यांनी हातच्याची बेरीज शिकविता येत नाही!

या व्यवसायात पडू इच्छिणाऱ्या शिक्षकाने प्रथम केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक पाठ घ्यावा, आणि कोणत्या क्षणी मुले गोंधळली ते सहकाऱ्यांस टिपून ठेवण्यास सांगावे.