विमानतळाची धावपट्टी व शेतकऱ्याची जमीन

करवीर तालुक्यातील उजळाईवाडीचा विमानतळ पुणे-बंगळूर रस्त्याने जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. विमान वर उठताना पाहून सर्वांस कौतुक वाटते. परंतु त्यास उठावयास जमीन किती लागते, याचा हिशोब फारसा कोणी करीत नाही. महसूल खात्यातील कारकुनीमुळे मला या हिशोबाची सवय जडली आहे. म्हणून तो वाचकबंधूंपुढे मांडीत आहे.

हा विमानतळ संस्थानी अमदानीतील होय. छत्रपती राजाराम महाराजांनी तो १९३९ साली स्थापन केला. पुढे विमानांची ये-जा कधी सुरू तर कधी बंद, असे अनेक वर्षे चालले. २०१८ साली केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली आणि १० मार्च २०२४ रोजी प्रवाशांकरिता नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. नियंत्रण मनोरा, अग्निशामक दल व रात्री विमान उतरविण्याचे दिवे यांचीही सोय तेथे आहे. विमानतळाचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे.

परंतु इमारत कितीही उत्तम असली तरी विमानतळाची खरी योग्यता धावपट्टीच्या लांबीवरून ठरते. पंखांखालून वेगाने हवा गेल्याशिवाय विमान उचलले जात नाही, आणि तो वेग येण्यास धाव घ्यावी लागते. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. उंचीवर व उन्हाळ्यात हवा विरळ होते; त्यामुळे धाव अधिक लागते. येथील जुनी धावपट्टी १,३७० मीटरांची होती. ती सुमारे सत्तर आसनांच्या विमानांपुरतीच होती. म्हणून ती १,९३० मीटरांपर्यंत वाढविण्यात आली.

आता ५६० मीटरांच्या या वाढीचा हिशोब पाहू. धावपट्टीची रुंदी ४५ मीटर धरली, तर डांबरी भाग सुमारे ६ एकर ९ गुंठे भरतो. एवढ्याकरिता इतकी जमीन कशास, असा प्रश्न शेतकरी विचारतो. त्याचे उत्तर असे की, विमान पट्टीवरून घसरल्यास अपघात होऊ नये म्हणून दोन्ही बाजू मिळून साधारण २८० मीटर रुंदीचा पट्टा सपाट व मोकळा ठेवावा लागतो. त्या मापाने तीच वाढ ३८ एकर ३० गुंठे होते. टोकांपलीकडील सुरक्षित जागा आणखी निराळी.

कुंपणाबाहेरील जमिनीवरही बंधने येतात. घर, मनोरा वा उंच खांब उभारण्यापूर्वी उंचीविषयी ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. पक्षी विमानास धडकू नयेत म्हणून विमानतळापासून १० किलोमीटरांच्या आत उघड्यावर कचरा व घाण टाकण्यास मनाई आहे. मेलेले जनावर ओढ्याकाठी टाकून देण्याची जुनी रीत अशा गावांनी सोडावी, हेच उचित.

ज्यांची जमीन संपादनात जाण्याचा संभव आहे, त्यांनी कागदपत्रांत हयगय करू नये. सात-बारावर मयताचे नाव राहिले असल्यास वारस नोंद आजच करून घ्यावी. संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहून विहीर, झाडे व पाइपलाइन यांची नोंद झाली की नाही, ते पाहावे. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत घेता येते, आणि ठरलेल्या मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम वर मिळते. निवाडा मान्य नसल्यास पैसे हरकत नोंदवूनच घ्यावेत. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यास दाद मागण्याची मुदत अवघी सहा आठवड्यांची असते. निमूटपणे सही करून पैसे उचलले, म्हणजे पुढचा मार्ग बंद होतो.

विमानतळ प्रांताच्या उपयोगी पडतो, यात संशय नाही. मात्र तो ज्याच्या शेतावर उभा राहतो, त्यास गुंठ्यागुंठ्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. आणि तो मिळण्यास शेतकरी स्वतः जागरूक असला पाहिजे.