सापडलेल्या चित्रफिती, हरवलेली माणसं

'द पकिप्सी टेप्स' हा अमेरिकी भयपट २००७ साली न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात दाखवला गेला. एमजीएम कंपनी तो चित्रपटगृहांत आणणार होती, पण ऐन वेळी मागे घेतला गेला. डिस्कवर तो रीतसर मिळू लागला तेव्हा २०१७ साल उजाडलं होतं. मधल्या काळात 'बघवणार नाही असा चित्रपट' म्हणून त्याची ख्याती वाढत गेली. दुर्मीळ पुस्तकांचं जे होतं तेच त्याचं झालं. मिळत नाही, म्हणजे थोर असणार! मला तो थोर वाटत नाही. तो फसला आहे, आणि का फसला ते बघण्यासारखं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी या हडसनकाठच्या गावात एका रिकाम्या घरात पोलिसांना आठशेहून अधिक व्हिडिओ टेप सापडतात. खुनी माणसाने आपली कृत्यं स्वतःच चित्रित करून ठेवलेली असतात. दिग्दर्शक जॉन एरिक डाउडल या काल्पनिक टेपांभोवती एक खोटा माहितीपट रचतो. मध्ये टेपांचे तुकडे, आजूबाजूला पोलीस, एफबीआयचे तज्ज्ञ आणि नातेवाईक यांच्या मुलाखती. 'फाउंड फुटेज' म्हणतात तो हाच प्रकार. त्याचं मूळ कादंबरीत आहे. १८९७ सालचा 'ड्रॅक्युला' सबंध पत्रं आणि रोजनिशींतून सांगितलेला आहे. या प्रकाराची ताकद एकाच गोष्टीत असते: हे आपल्यासाठी लिहिलेलं किंवा चित्रित केलेलं नाही, ते आपल्या हाती लागलं आहे, असं वाचकाला किंवा प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. कागदपत्र बोलतं, सांगणारा गप्प राहतो.

इथे सांगणारे गप्पच बसत नाहीत. एक तुकडा दिसतो न दिसतो, तोच कुणीतरी तज्ज्ञ येऊन तो किती भयंकर आहे, हा माणूस आजवरच्या सगळ्या खुन्यांपेक्षा कसा वेगळा आहे, कसा पद्धत बदलून तपासाला चकवतो, हे ऐकवतो. मोठ्या गवयाच्या मैफिलीआधी निवेदकाने अर्धा तास गोडवे गावेत तशातला प्रकार. परिणाम उलटा होतो. टेपमधला माणूस आपल्याला घाबरवण्याआधीच त्याची आरती ओवाळून झालेली असते. शिवाय हे तज्ज्ञ नटांसारखे बोलतात. वाक्य नेमकं जागेवर थांबतं, डोळे नेमके तेव्हाच खाली जातात. खऱ्या मुलाखतीत माणसं भरकटतात, तेच तेच सांगतात, मध्येच भलत्या तपशिलावर अडतात. इथे तसं क्वचितच कुणी अडतं.

टेपांच्या खराबीबद्दल एवढंच म्हणतो की ज्यांनी व्हीएचएस वापरली आहे त्यांना ती पटणार नाही. जुन्या टेपवर तळाशी पट्टा हलतो, पांढऱ्या रेघा येतात, प्रतीची प्रत काढली की रंग ओघळतात. इथलं चित्र कापडासारखं पिळवटतं. ही खराबी चुंबकीय फितीची नाही, संकलकाच्या टेबलावरची आहे, हे लगेच कळतं.

पण माझा खरा आक्षेप गावाच्या नावावर आहे. पकिप्सी हे खरं गाव आहे, आणि तिथे खरा खुनी होऊन गेला. १९९६ ते १९९८ या काळात केंडल फ्रँस्वा याने तिथे आठ स्त्रियांचे खून केले. त्यांतल्या बहुतेक जणी देहविक्री करणाऱ्या होत्या. तो आईवडील आणि बहिणीसोबत राहत होता, आणि मृतदेह त्याच घरात होते, माळ्यावर आणि जमिनीखालच्या पोकळीत. वास येई. पोटमाळ्यात रॅकून मेलेत, असं तो सांगे. पोलिसांनी त्याची चौकशी केलेली होती, त्याच्यावर पाळतही ठेवून झाली होती. शेवटी सप्टेंबर १९९८ मध्ये एक स्त्री त्याच्या तावडीतून निसटली, तेव्हा तो सापडला आणि त्याने कबुली दिली.

चित्रपटातला खुनी हा फ्रँस्वा नव्हे. पण दोघांना शेजारी ठेवलं की चित्रपटाने काय टाकून दिलं ते दिसतं. खऱ्या पकिप्सीत अलौकिक बुद्धीची गरजच पडली नाही. ज्या बायका नाहीशा झाल्यावर गाव हलत नाही अशा बायका निवडणं पुरेसं होतं. चित्रपटातही देहविक्री करणाऱ्या स्त्रिया मारल्या जातात, पण त्या केवळ एका निरपराध पोलिसाला अडकवण्याच्या डावातल्या सोंगट्या म्हणून. तो पोलीस फासावर नाही तरी विषारी इंजेक्शनाने मरतो, आणि आपल्याला हळहळ वाटावी ती त्याची. त्या बायका कोण होत्या, हे विचारायला माहितीपटवाला जात नाही.

हा माहितीपटवाला आहे तरी कोण? मरणाऱ्या माणसांची दृश्यं दाखवायला त्याला परवानगी कुणी दिली? त्याने नातेवाईकांना विचारलं का? चित्रपटाला हे प्रश्न पडतच नाहीत. दोनच वर्षं आधी, २००५ मध्ये, वर्नर हर्झॉगचा 'ग्रिझली मॅन' आला होता. अस्वलाने मारलेल्या टिमोथी ट्रेडवेलच्या अखेरच्या क्षणांचं ध्वनिमुद्रण त्यात हर्झॉग कानाला हेडफोन लावून ऐकतो. आपल्याला काहीही ऐकू येत नाही. मग तो ट्रेडवेलच्या मैत्रिणीला सांगतो, तू हे कधी ऐकू नकोस, नष्ट कर. समोर बसलेल्या तिचा चेहरा तेवढा दिसतो. त्या दृश्याइतकं भयंकर 'पकिप्सी'च्या टेपांमध्ये काहीच नाही.

१९८६ च्या 'हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर'मध्ये एका कुटुंबाची हत्या व्हिडिओवर दिसते. थोड्या वेळाने कळतं, की आपण ती खुन्यांच्या घरी, त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याबरोबर बघतो आहोत. त्यांतला एक जण टेप मागे नेऊन पुन्हा लावतो. आपण काय करतो आहोत हे तो दिग्दर्शक आपल्याला दाखवतो. डाउडल ते दाखवत नाही. तो 'बघा, बघा' म्हणतो आणि तज्ज्ञाच्या तोंडून 'अरेरे' म्हणवतो.

तरी एक जागा त्याला साधली आहे, आणि ती टेपांमध्ये नाही. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली शेरिल नावाची मुलगी जिवंत सापडते. तिची मुलाखत होते. कॅमेरा हलत नाही, चित्र पिळवटत नाही, तज्ज्ञ तोंड उघडत नाहीत. ती कशीबशी बोलते, आणि सांगते की त्याचं माझ्यावर प्रेम होतं. तिची आई एरवीच्या मुलाखतींत किती धीराने बोलत असते, ते इथे आठवतं. शेरिल नंतर आत्महत्या करते. चित्रपट तेवढ्यावर राहत नाही, तिचं प्रेतही थडग्यातून पळवलं गेल्याचं सांगतो, म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा त्या खुन्याचाच.