प्रणाली बदलताना परतीची वाट : बूट एन्व्हायर्न्मेंटविषयी काही विचार

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील वऱ्हाडी बोलीची शब्दनोंद मी ज्या संगणकावर ठेविली आहे, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करण्याचा प्रसंग वर्षातून दोन-तीन वेळा तरी येतो. हे काम तंत्रज्ञाचे, आपले नव्हे, अशी आपणा भाषाभ्यासकांची समजूत असते. माझीही होती. काही वर्षांपूर्वी नांदगावास मुक्कामी असता अपडेट निम्म्यावर आले आणि वीज गेली. ती परत आली तेव्हा नव्या प्रणालीचा अर्धा भाग आलेला, जुनीचा अर्धा पुसलेला. संगणक सुरूच होईना. ज्या वृद्ध बाईंकडून शेतीकामाचे शब्द घ्यावयाचे होते, त्या तिसऱ्या दिवशी मुलाकडे परगावी गेल्या. ते शब्द राहिले ते राहिलेच.

या आपत्तीवरील उपाय म्हणजे बूट एन्व्हायर्न्मेंट. ‘बूट’ या संज्ञेचे मूळ मौजेचे आहे. बुटाच्या मागील पट्ट्याला धरून स्वतःस वर उचलणे या अशक्य कृतीवरून, संगणकाने स्वतःच स्वतःस चालू करणे यास हा शब्द लागला. ‘आरंभ-परिसर’ असा प्रतिशब्द मी वर्गात योजून पाहिला. विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरविला आणि बोलताना ‘बीई’ म्हणणेच चालू ठेविले! शब्द कोण घडवितो, या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावरूनही मिळावे.

बीई म्हणजे संगणक सुरू होण्यास जे जे लागते, म्हणजे कर्नल, आज्ञावली, लायब्ररी व मांडणीच्या फाइली, त्या सर्वांची स्वतंत्रपणे सुरू करता येण्याजोगी प्रत. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस प्रणालीत ‘लाइव्ह अपग्रेड’ या नावाने ही कल्पना प्रथम रुजली. परंतु तेथे बहुधा डिस्कचा वेगळा विभाग राखून ठेवावा लागे. २००५ साली झेडएफएस ही फाइलव्यवस्था आल्यावर ही अडचण सरली. झेडएफएस लिहिलेल्या मजकुरावर पुन्हा लिहीत नाही. बदललेला भाग नव्या जागी लिहिते. त्यामुळे प्रत काढणे हे क्षणाचे काम होते, आणि आरंभी तिला जवळजवळ जागाच लागत नाही. दोन्ही प्रती जेथे समान आहेत तेथे एकच मजकूर दोघींचा असतो; भेद जसजसा वाढेल तसतशी जागा खर्च होते. २०११ च्या सोलारिस ११ मध्ये ही पद्धत स्थिरावली, आणि २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या फ्रीबीएसडी १२.० पासून ‘बीईसीटीएल’ ही आज्ञा त्या प्रणालीबरोबरच मिळू लागली.

रीत अशी. अपडेटपूर्वी नवी बीई निर्माण करावी. बदल तीत करावेत. चालू प्रणालीस हात लावू नये. मग नवी बीई केवळ पुढच्या एका आरंभापुरती निवडावी, अशी सोय बीईसीटीएलमध्ये आहे. ती बिघडली तर संगणक पुन्हा सुरू करताच जुनीवर येतो. संगणक अमरावतीस आणि आपण नांदगावात, अशा वेळी या सोयीचे मोल कळते. निम्म्यावर वीज गेली तरी बिघडते ती प्रत. मूळ शाबूत राहते.

येथवर सारे सुलभ वाटेल. खरा प्रश्न पुढे आहे : प्रतीत काय यावे आणि काय येऊ नये? फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या मांडणीत वापरकर्त्यांच्या फाइली बीईच्या बाहेर असतात. परंतु पोस्टग्रेससारख्या माहितीकोशाच्या फाइली जेथे ठेवल्या जातात, ती जागा मूळ प्रणालीबरोबर बीईच्या आत येते. म्हणजे सोमवारी अपडेट केले, तीन दिवस शब्द नोंदविले आणि गुरुवारी जुन्या बीईकडे परतलो, तर ते तीन दिवस दिसेनासे होतात. माहितीकोश बाहेर वेगळा ठेवावा, तर दुसरी अडचण : नव्या आवृत्तीने त्याचे स्वरूप पालटले असेल, तर परतलेल्या जुन्या प्रणालीला तो वाचता येत नाही. मी तो बाहेर ठेवितो आणि अपडेटपूर्वी त्याची निराळी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो. बीई त्याच डिस्कवर असते, हे विसरून तिलाच बॅकअप समजणारे सहकारी मी पाहिले आहेत.

भाषाभ्यासकाने जपावयाची आणखी एक बाब म्हणजे वर्णक्रम. आपल्या कोशपरंपरेत ‘ळ’ ‘ह’ नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकात तो ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये आहे. म्हणून ‘कालवा, कावळा, काहूर, काळा’ हा एक क्रम, तर ‘कालवा, काळा, कावळा, काहूर’ हा दुसरा. वऱ्हाडीत तर ‘डोळा’चा ‘डोया’ होत असल्याने प्रमाण रूप व बोलीरूप शेजारी लावताना हा क्रम पदोपदी आडवा येतो. क्रम ठरविण्याचे काम प्रणालीतील लायब्ररी करते, आणि अपडेटमध्ये ती बदलू शकते. लिनक्सवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्लिबसी २.२८ ने अनेक भाषांचे क्रम बदलले, तेव्हा पोस्टग्रेसच्या जुन्या सूची अविश्वसनीय ठरल्या. सूची एका क्रमाने रचलेली आणि शोध दुसऱ्या क्रमाने चाललेला, तर शब्द असूनही ‘नाही’ असे उत्तर येते. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. अशा वेळी जुन्या बीईत जाऊन तोच शब्द पुन्हा शोधून पाहावा. तेथे सापडला, तर दोष नोंदीत नसून क्रमात आहे, आणि सूची नव्याने रचली म्हणजे भागते.

जुन्या प्रती मात्र अमर्याद साठवू नयेत. पुसलेल्या फाइलींची जागा त्या धरून ठेवितात आणि डिस्क भरते. मी दोन ठेवितो. तसेच डिस्कसंचाची झेडएफएस-वैशिष्ट्ये वाढविण्याची ‘झेडपूल अपग्रेड’ ही आज्ञा नवी प्रणाली पुरती पारखल्याखेरीज देऊ नये. ती दिल्यावर जुन्या बीईतील कर्नलला डिस्कच उघडता येणार नाही असे घडू शकते. आरंभक, म्हणजे बूटलोडर, स्वतंत्र विभागात असेल तर तोही बीईच्या कक्षेबाहेर राहतो. त्याची प्रत वेगळी घ्यावी लागते.