बबल सॉर्टमधील सुधारणा आणि तिची मर्यादा

सी भाषेच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी बबल सॉर्ट लिहितात, उत्तर बरोबर येते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः अध्यापनाची सुरुवात तेथून व्हावयास हवी.

दहा संख्यांसाठी दोन्ही लूप प्रत्येकी ९ वेळा फिरविल्यास ८१ तुलना होतात. प्रत्येक फेरीअखेर उरलेल्यांपैकी सर्वांत मोठी संख्या आपल्या जागी पोहोचते. म्हणून आतील लूप दर फेरीस एकाने आखूड केल्यास तुलना ४५ वर येतात. दुसरी सुधारणा फ्लॅगची : फेरीत एकही अदलाबदल झाली नाही, तर थांबावे. क्रमवार ॲरेला मग ९ तुलनाच पुरतात.

येथे एक चूक लपून राहते. फ्लॅग दर फेरीच्या आरंभी शून्य केला नाही, तरी उत्तर बरोबरच येते. २, १, ३ ते १० ही मांडणी देऊन तुलना मोजाव्यात : १७ ऐवजी ४५ भरतात.

उलट क्रमाला मात्र ४५ अदलाबदली अटळ आहेत. शेजारील घटकांच्या एका अदलाबदलीने एकच उलटी जोडी सुलट होते. त्यापुढे पद्धतच बदलावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये तुलना मोजणारे एक व्हेरिएबल अवश्य असावे.