बेंचवरचा जो

न्यूयॉर्क, १४ डिसेंबर २०१९. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक सन्मान, म्हणजे हाइजमन ट्रॉफी, घ्यायला जो बरो स्टेजवर आला. चारच दिवसांपूर्वी त्याला २३ वर्षं पूर्ण झाली होती. मैदानात कधीच न गडबडणारा हा मुलगा माइकसमोर मात्र रडायलाच लागला. मग सावरला. सगळ्यांचे आभार मानता मानता तो त्याच्या गावाकडच्या गरिबीबद्दल बोलला. शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसं काही पडत नाही, अशा मुलांबद्दल बोलला. तुम्हीही इथे उभे राहू शकता, असं त्याला त्या मुलांना सांगायचं होतं.

मंडळी, गंमत म्हणजे दोनच वर्षांपूर्वी हा जो स्वतः बेंचवर बसून होता.

एका टीमला एकच!

आधी एक खुलासा. हा फुटबॉल मेस्सी-रोनाल्डोवाला नाही. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. तिथे कॉलेजच्या मॅचेसनाही एकेका स्टेडियममध्ये लाखभर लोक येतात! या खेळात टीमचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. समोरून धिप्पाड गडी त्याला पाडायला धावत असतात आणि तेवढ्यात चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवून अचूक फेकावा लागतो. डोकं कॅप्टनचं हवं आणि हात सीमारेषेवरून थेट स्टम्प उडवणाऱ्या फिल्डरचा!

पण एका वेळी मैदानात क्वार्टरबॅक एकच. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखं. पहिला फॉर्मात असेल तर दुसऱ्याने कितीही घाम गाळला तरी वाट बघत बसायचं. जोच्या वाट्याला नेमकं हेच आलं.

घरातच फुटबॉल

जोचा जन्म १९९६चा, आयोवा राज्यातल्या एम्सचा. बाबा, जिम बरो, फुटबॉल कोच. नोकरी जिथे, तिथे बिऱ्हाड. २००५मध्ये जिम यांना ओहायो युनिव्हर्सिटीत काम मिळालं आणि हे कुटुंब आग्नेय ओहायोतल्या अथेन्समध्ये स्थिरावलं. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या कुशीतला हा भाग. एकेकाळी इथे कोळशाच्या खाणी होत्या. खाणी गेल्या, त्यांच्याबरोबर रोजगारही गेला.

बाबा नेब्रास्का युनिव्हर्सिटीकडून खेळलेले, दोन्ही मोठे भाऊही तिथलेच. साहजिकच धाकट्याचं स्वप्नही नेब्रास्काच. पण तिथून त्याला स्कॉलरशिपची ऑफरच आली नाही.

तोवर अथेन्स हायस्कूलची टीम मात्र जोने डोक्यावर घेतली होती. २०१४च्या सीझनमध्ये ही टीम एकही मॅच न हरता राज्याच्या फायनलला पोहोचली. फायनलमध्ये जोने सहा टचडाउन पास फेकले, तरी टीम ५६-५२ अशी हरली. त्या वर्षीचा ‘मिस्टर फुटबॉल’ हा ओहायोचा किताब त्यालाच मिळाला आणि बलाढ्य ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं दार उघडलं.

तीन वर्षं आणि एक डिग्री

दार उघडलं, पण मैदान नाही. २०१५चं पहिलं वर्ष फक्त प्रॅक्टिसमध्ये गेलं. पुढची दोन वर्षं जे. टी. बॅरेट हा अनुभवी क्वार्टरबॅक पुढे होता. जोला संधी मिळायची ती बहुतेक मॅचचा निकाल लागून गेल्यावरच. या सगळ्या काळात मिळून त्याने पास फेकले फक्त ३९!

२०१७च्या ऑगस्टमध्ये नशिबाने आणखी एक दणका दिला. प्रॅक्टिसमध्ये त्याचा फेकायचाच हात मोडला. तो बरा होईपर्यंत त्याच्यामागच्या ड्वेन हॅस्किन्सने दुसऱ्या नंबरची जागा पटकावली. नोव्हेंबरमध्ये मिशिगनविरुद्ध बॅरेट जखमी झाला, हॅस्किन्स मैदानात उतरला आणि मॅच जिंकून परतला. पुढचा क्वार्टरबॅक कोण, हे जवळपास तिथेच ठरलं.

आता काय? घराजवळच्या, नावाजलेल्या टीममध्ये बेंचवर बसायचं की सगळं सोडून जायचं? तेव्हाच्या नियमानुसार डिग्री अर्धवट ठेवून टीम बदलली, तर वर्षभर बाहेर बसावं लागायचं. डिग्री हातात असेल तर लगेच खेळता यायचं. जोने तीन वर्षांत डिग्री पूर्ण केली होती. मे २०१८मध्ये त्याने ओहायो सोडलं आणि थेट दक्षिणेत, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (एलएसयू) दाखल झाला. नवं राज्य, नवी टीम आणि हातात उरलेले फक्त दोन सीझन.

पहिला सीझन बरा गेला, १६ टचडाउन पास. कोणी मान वळवून बघावं असं त्यात काही नव्हतं. मग २०१९ आलं. जो ब्रॅडी नावाचा तरुण कोच टीममध्ये आला आणि पासवर भर देणारा खेळ सुरू झाला. आपल्या जोला असाच खेळ हवा होता.

पुढचं सगळं रेकॉर्ड बुकात आहे. १५ पैकी १५ मॅच जिंकल्या. ६० टचडाउन पास, ५,६७१ यार्ड. दर चार पासमधले तीन अचूक हातात. अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असं हरवलं. सेमीफायनलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या हाफमध्येच सात टचडाउन पास! १३ जानेवारी २०२०ला फायनलमध्ये क्लेमसनला ४२-२५ असं नमवून एलएसयू चॅम्पियन झाली. मुलाचा शेवटचा सीझन स्टेडियममध्ये बसून बघायचा म्हणून जिम बाबांनी कोचिंगमधून आधीच निवृत्ती घेतली होती. एकही मॅच हरलेली बघायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

त्या भाषणाचं काय झालं?

तेव्हा कॉलेज खेळाडूंना पगार नसे, जाहिरातींचे पैसे घ्यायलाही बंदी होती. म्हणजे स्टेजवरच्या जोकडे द्यायला पैसे नव्हतेच. त्याच्याकडे होता फक्त माइक. पण भाषण ऐकून अथेन्स भागातल्याच एका तरुणाने तिथल्या अन्नवाटप केंद्रासाठी ऑनलाइन मदत मागितली. उद्दिष्ट होतं १,००० डॉलरचं. काही आठवड्यांत जमले पाच लाख डॉलरहून जास्त! पुढे त्याच्या नावाने भूक-निवारणाचा कायमस्वरूपी निधीही सुरू झाला आणि अथेन्स हायस्कूलच्या स्टेडियमला त्याचं नाव मिळालं.

एप्रिल २०२०मध्ये व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर निवड झाली ती जोचीच. कोरोनामुळे सोहळा नव्हता. अथेन्सच्या घरात आईबाबांसोबत बसून त्याने ती बातमी ऐकली. टीम होती सिनसिनाटी बेंगल्स, त्याच्याच ओहायोतली. ज्या राज्यात तीन वर्षं बेंचवर काढली, तिथेच तो परत आला. या वेळी पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक म्हणून.