एक ओढा, अनेक खाती

सातारा जिल्ह्यातील पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. येथे पाऊस मुबलक पडतो. परंतु उत्तरेकडील उतारावरचे पुष्कळसे पाणी वाहून कृष्णेत व पुढे धोम जलाशयात जाते. स्ट्रॉबेरीची तोडणी मात्र साधारणतः नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते. पिकास पाणी हवे असते ते नेमके ओढे आटण्याच्या दिवसांत.

डोंगरी भागातील ओढ्याचा माथा वन विभागाकडे, मधला भाग खाजगी शेतांत व खालचा भाग ग्रामपंचायतीच्या हद्दीत, अशी स्थिती पुष्कळदा असते. वरची धूप न थांबविता खाली बंधारा बांधला, तर तो थोड्याच वर्षांत गाळाने भरतो. अशा वेळी पैसा खर्ची पडतो, काम कागदोपत्री पूर्ण होते, आणि शेतकरी होता तेथेच राहतो. म्हणून कृषी, वन, लघुपाटबंधारे व ग्रामपंचायत यांनी एकाच आराखड्यानुसार माथ्याकडून पायथ्याकडे काम करणे अगत्याचे आहे.

हा प्रयोग राज्यात झालेला आहे. ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात निरनिराळ्या खात्यांच्या योजना व निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एकत्र आणले. गावात शिवारफेरी काढून कामे ठरविली जात. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालात देखभालीच्या उणिवांवर बोट ठेवले गेले, हेही विसरू नये. बांधण्यासाठी चार खाती पुढे येतात. गाळ काढण्यास एकही येत नाही, हा अनुभव पुष्कळांस असेल.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीस अन्य स्थानिक संस्थांशी मिळून सामाईक हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. पाचगणी व महाबळेश्वर या दोन्ही नगरांना वेण्णा तलावाचे पाणी मिळते. एका साठ्यावर अनेकांनी विसंबणे या भागास नवे नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीस शेजारच्या गावचे सरपंच व वनरक्षक यांनाही बोलवावे. प्रत्येक कामापुढे जागा कोणाची, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून व मोजमाप कोण घेणार, हे लिहावे. एकच काम दोन खात्यांच्या हिशेबात दाखविले जाऊ नये, यासाठी ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गाळ कोणी काढावयाचा याचा ठराव बंधाऱ्याचा पाया खणण्यापूर्वीच करून घ्यावा. पुढे तो होणे कठीण जाते.